फॉरमॅट मारण्याआधी: फोन, लॅपटॉप आणि ब्राउझर रिसेट करताना या चुका टाळा

फोन हँग होतोय, लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घेतोय, ब्राउझर उघडला की नको त्या जाहिराती येताहेत. असं झालं की कुणीतरी हमखास सांगतं, "एकदा फॉरमॅट मार, सगळं नीट होईल." बऱ्याचदा होतंही. पण रिसेटनंतर लोक माझ्याकडे येतात ते मशीन बिघडलं म्हणून क्वचितच. फोटो गेले, फोन जुना जीमेल आयडी मागतोय, टॅलीचं लायसन्स उडालं, मराठी फाइल उघडली तर भलतीच अक्षरं दिसतात, या त्यांच्या तक्रारी असतात. रिसेटच्या आधी अर्धा तास दिला असता तर यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट टळली असती.

रिसेट फक्त त्या मशीनमधलं पुसतो. गूगल किंवा ॲपलच्या खात्याचं कुलूप, सिमकंपनीकडचं कॉल फॉरवर्डिंग, दुसऱ्या फोनवर चालू असलेलं तुमचं लॉगिन, यांना तो हातही लावत नाही. आणि जे फक्त त्या मशीनमध्येच होतं, ते एकदा गेलं की परत मिळण्याचा भरवसा नसतो. काय कुठे आहे हे न बघता बटण दाबलं जातं, तिथेच सगळं बिनसतं.

दुखणं छोटं, रिसेट मोठा

"तुमच्या मोबाईलमध्ये १३ व्हायरस सापडले" अशा सूचना तासातासाला यायला लागल्या की माणूस घाबरतो आणि थेट फॅक्टरी रिसेटकडे वळतो. बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस नसतोच. निकालाच्या, भरतीच्या किंवा फुकट सिनेमाच्या एखाद्या साइटवर घाईत 'अलाऊ' दाबलेलं असतं आणि ती साइट क्रोममार्फत सूचना पाठवत राहते. सूचनेवर बोट दाबून धरा, ती कुठून आली ते कळतं. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि त्या साइटची परवानगी काढून टाका. काम दोन मिनिटांचं आहे. सूचनेवर मात्र टॅप करू नका, कारण ती बहुधा एखादं बोगस 'क्लीनर' ॲप डाउनलोड करायला लावते आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

एखादंच ॲप अडकत असेल तर त्या ॲपचंच बघा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, ते ॲप, मग स्टोरेज. इथे दोन बटणं असतात आणि ती शेजारीशेजारी असल्यामुळे घात होतो. 'क्लिअर कॅशे' निर्धास्त दाबा, त्याने तात्पुरत्या फाइल्स जातात. 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' दाबलं की ते ॲप नव्याने टाकल्यासारखं होतं. लॉगिन, सेटिंग आणि फोनमध्येच साठवलेला मजकूर सगळा जातो. व्हॉट्सॲपवर हे बटण दाबून वर्षांच्या गप्पा घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोणतं ॲप त्रास देतंय हेच कळत नसेल तर सेफ मोड वापरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर मेन्यूतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये फोन फक्त मूळ ॲप्सवर चालतो. तिथे फोन सुरळीत चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या कुठल्यातरी ॲपचा आहे. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा. वायफाय किंवा ब्लूटूथचीच कटकट असेल तर फक्त नेटवर्क सेटिंग रिसेट करण्याचा वेगळा पर्याय असतो. त्यात फोटो, ॲप्स काही जात नाही, साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या तेवढ्या जातात.

राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसण्याची सवय मात्र सोडा. अनेक ठिकाणी इंटरनेटवाल्याने राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून ठेवलेला असतो. पिन दाबली की तोही जातो, आणि नेटवाला येईपर्यंत घर बंद. राउटर नुसता बंद करून मिनिटभराने चालू करणं बहुतेक वेळा पुरतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, ती म्हणजे मंद लॅपटॉप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर रिसेट करून पहिले काही दिवस बरं वाटेल आणि नंतर पुन्हा तेच. विंडोज १० आणि ११ अशा डिस्कवर रडतच चालतात. तिथे एसएसडी टाकणं हाच इलाज आहे. रॅम ४ जीबी असेल तर तीही वाढवा. फोनच्या बाबतीतही हेच. स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर फॅक्टरी रिसेटने मोकळी झालेली जागा पुन्हा भरते, आणि थकलेली बॅटरी त्याने बरी होत नाही. आयफोनवर बॅटरीची कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेलेली दिसली तर आधी बॅटरी बदला.

ब्राउझर: एक टिकमार्क सगळीकडचं पुसतो

सरकारी पोर्टलवर फॉर्म अडकला की "कॅशे क्लिअर करा" हा सल्ला ठरलेला. त्यासाठी सगळा इतिहास पुसायची गरज नसते. आधी इनकॉग्निटो विंडोमध्ये तीच साइट उघडून बघा. तिथे चालली तर साइटच्या पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा पुसा. बाकीच्या साइट्सवरची लॉगिन्स शाबूत राहतात.

सगळंच पुसायला गेलात तर 'डिलीट ब्राउझिंग डेटा'च्या यादीत 'पासवर्ड्स'वर टिक नाही ना, ते दोनदा बघा. क्रोममध्ये तुम्ही गूगल खात्याने साइन इन असाल आणि पासवर्ड सिंक होत असतील, तर लॅपटॉपवर पुसलेले पासवर्ड फोनवरूनही जातात. लोकांना वाटतं, "लॅपटॉपवरचे गेले, फोनवर आहेतच." सिंक असताना ती एकच वही असते. ती फाडली की दोन्हीकडून फाटते.

क्रोम रिसेट करण्याचा पर्याय वेगळा आहे आणि तो बराच सौम्य आहे. सेटिंग्जमध्ये 'रिसेट सेटिंग्ज'खाली तो असतो. त्याने सर्च इंजिन आणि पहिलं पान मूळ जागी येतं, एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन्स नुसती बंद होतात, काढली जात नाहीत, हे लक्षात ठेवा. रिसेटनंतर सगळी पुन्हा चालू केलीत तर ज्याच्यामुळे जाहिराती येत होत्या तेही चालू होईल. ओळखीची नसलेली काढून टाका. फायरफॉक्समध्ये हेच काम 'रिफ्रेश' करतं आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवतं. सगळं ठीक चालतंय याची खात्री होईपर्यंत तो फोल्डर हलवू नका.

क्रोम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला तरी तोच त्रास राहतो, अशी तक्रार नेहमीची आहे. कारण सरळ आहे. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर तुमची प्रोफाइल जागेवरच राहते आणि नवा क्रोम तीच उचलतो. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेन्यूत "तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित" अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने विंडोजमध्ये धोरण, म्हणजे क्रोमची सेटिंग स्वतःच्या हातात घेणारा नियम, घुसवलेलं असण्याची शक्यता आहे. काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ दिसते, म्हणून आधी अलीकडे काय टाकलं ते तपासा. तो प्रोग्रॅम काढेपर्यंत क्रोम कितीही वेळा रिसेट केला तरी उपयोग होत नाही.

"बॅकअप चालू आहे" यावर विसंबणं

फोन रिसेट करताना सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. बॅकअप चालू आहे असं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, पण शेवटचा बॅकअप कधी झाला हे कुणी बघत नाही.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथली तारीख आजची आहे का? अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो. फोटो आणि जीमेलने ती जागा भरली की बॅकअप थांबतो आणि महिनोन्महिने कळतही नाही. बॅकअप कुठल्या जीमेलवर जातोय तो पत्ता लिहून घ्या, कारण परत आणताना तोच पत्ता आणि तोच मोबाईल नंबर लागतो. फोनमध्ये जी स्थानिक प्रत असते ती फॅक्टरी रिसेटमध्ये जाते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि कधीकाळी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (पासवर्डने कुलूपबंद केलेला) बॅकअप चालू करून पासवर्ड ठेवला असेल तर तो आठवतोय का, हे आत्ताच तपासा. पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. जुना फोन अजून हातात आहे तोवर पासवर्ड बदलता येतो, रिसेट झाल्यावर नाही.

गूगल फोटोजमध्ये 'बॅकअप कम्प्लीट' दिसलं म्हणजे सगळे फोटो गूगलवर पोचले असं नसतं. कॅमेऱ्याने काढलेले फोटो आपोआप जातात, व्हॉट्सॲपवर आलेले, स्क्रीनशॉट, दुसऱ्या ॲपमधले फोटो मात्र त्यांचे फोल्डर तुम्ही चालू केले असतील तरच जातात. लग्नाचे, बारशाचे बहुतेक फोटो आपल्याकडे व्हॉट्सॲपवरूनच आलेले असतात. ते फोल्डर बघा.

आवाजाचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. एका ताईंनी गावाकडे जाऊन आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या फोनच्या रेकॉर्डरमध्ये घेतल्या होत्या. फोन रिसेट झाला, फोटो सगळे परत आले, ओव्या आल्या नाहीत. गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओच घेतं, ऑडिओ घेत नाही. आजी तोवर वारल्या होत्या. रेकॉर्डरच्या फाइल्स, कॉल रेकॉर्डिंग, डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ, हे सगळं केबल लावून कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर हाताने उतरवा. उतरवल्यावर तिथे उघडून, वाजवून बघा.

नंबरांचंही एकदा बघा. कॉन्टॅक्ट साठवताना 'फोन', 'सिम' आणि 'गूगल' असे पर्याय येतात. ज्यांनी वर्षानुवर्षं 'फोन' निवडलं त्यांचे नंबर गूगलवर असतीलच असं नाही. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून दहाबारा नावं शोधून पाहा.

सॅमसंगचा सिक्युअर फोल्डर, किंवा इतर फोनमधल्या लपवलेल्या अल्बमसारख्या जागा, यांतलं सामान बाहेर काढून मगच रिसेट करा. मेमरी कार्ड वेगळं असेल तर साध्या रिसेटने ते पुसलं जात नाही. पण ते 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलेलं असेल तर त्याची किल्ली फोनमध्ये असते. फोन रिसेट झाला की कार्डवरचं कुठेच वाचता येत नाही, कार्ड रीडर लावूनही नाही.

एक उलटी चूकही होते. फोन विकायचा म्हणून लोक बसून एकेक फोटो, एकेक नंबर हाताने डिलीट करतात. आयक्लाउड किंवा गूगलचं सिंक चालू असताना हे केलं तर खात्यातूनही सगळं जातं, नव्या फोनवरूनही. आयफोनवर पुसलेले फोटो 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस. तेवढ्यात लक्षात आलं तर वाचाल. फोन देताना एकेक फोटो पुसायची गरजच नसते. खातं काढा आणि पूर्ण रिसेट करा.

रिसेट झाला, पण आत जाता येईना

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन नावाचं कुलूप आहे. चोराने बटणं दाबून फोन रिसेट केला तरी आधीचं गूगल खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक टाकल्याशिवाय फोन उघडत नाही. चांगली सोय आहे. पण पॅटर्न विसरला म्हणून पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारणारा घरचा माणूसही त्याच कुलपाबाहेर उभा राहतो. वडिलांचा फोन घेताना दुकानातल्या मुलाने कुठलातरी जीमेल काढून दिलेला असतो. तो पत्ताही माहीत नसतो आणि पासवर्डही.

म्हणून फोन चालू असतानाच सेटिंग्जमधून खाती बघा, पत्ता लिहा, आणि दुसऱ्या मशीनवर त्या पत्त्याने आत जाता येतं का ते करून पाहा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर एक दिवस जाऊ द्या, मग रिसेट करा. फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर आधी खातं काढा आणि रिसेट सेटिंग्जमधूनच करा. शाओमीसारख्या कंपनीचं स्वतःचं खातं असेल तर तेही साइन आउट करा, कारण त्याचं कुलूप गूगलहून वेगळं आहे. आयफोनवर २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे. फाइंड माय बंद न करता किंवा ॲपल खात्यातून साइन आउट न करता दिलेला आयफोन घेणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. राहून गेलं असेल तर आयक्लाउडच्या साइटवरून तो फोन तुमच्या खात्यातून काढता येतो.

दुसरा घोळ टू-स्टेपचा, म्हणजे पासवर्डनंतर होणाऱ्या दुसऱ्या तपासणीचा. रिसेटनंतर गूगल विचारतं, "तुमच्या फोनवर 'येस' दाबा", आणि तो फोन हाच असतो, नुकताच पुसलेला. गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर बॅकअप कोड मिळतात, आठ आकड्यांचे दहा. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते खात्याशी सिंक आहे का बघा. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधीपासून वापरणाऱ्या कितीतरी जणांनी ती अजून चालू केलेली नाही.

ईसिम, म्हणजे वेगळं कार्ड नसलेलं फोनमधलंच सिम, असेल तर जास्त जपा. रिसेटच्या पानावर ईसिमही पुसायचं का अशी टिक येते, आयफोनही तेच विचारतो. फोन तुमच्याकडेच राहणार असेल तर ती टिक काढा. पुसलं गेलं तर कंपनीकडून ईसिम पुन्हा घ्यावं लागतं, आणि सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे. ओटीपी नाही म्हणजे बँकही नाही.

यूपीआय ॲप रिसेटनंतर नव्याने जोडावं लागतं. बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. नुसतं इनकमिंग चालू असलेलं सिम इथे अडतं. नवं जोडल्यावर पहिले २४ तास अनेक बँका ५,००० रुपयांची मर्यादा ठेवतात. मुलाची फी भरायच्या आदल्या रात्री फोन रिसेट करू नका.

फसवणूक झाली म्हणून लगेच रिसेट

व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलान" किंवा "लग्नाची पत्रिका" म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप) उघडली गेली आणि खात्यातून पैसे जायला लागले, की घाबरून पहिलं काम फोन रिसेट करण्याचं होतं. कृपा करून तसं करू नका. त्यात पुरावा जातो आणि मोलाचा वेळही.

आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं चांगलं, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवता आले तरच मिळण्याची आशा असते. तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, एपीकेचं नाव, बँकेचे एसएमएस, या सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. तक्रारीत ते लागतात.

त्यानंतर रिसेट, आणि अशा वेळी तो पूर्णच करा. पण त्याने काम संपत नाही. कॉल फॉरवर्डिंग सिमकंपनीकडे लावलेलं असतं, फोन दहादा पुसला तरी ते तसंच राहतं. *#२१# डायल करून तपासा, लावलेलं असेल तर ##००२# ने काढा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधली अनोळखी नावं काढा. गूगल खात्याच्या 'युअर डिव्हाइसेस'मधून परकी मशीन साइन आउट करा आणि पासवर्ड स्वच्छ मशीनवरून बदला. परत ॲप्स टाकताना प्ले स्टोअरमधूनच टाका, आणि तीही लागतील तशी. सगळी एकदम आणलीत तर गोंधळ घालणारं ॲपही सोबत येईल.

विंडोज: 'कीप माय फाइल्स' नेमकं काय ठेवतं

सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी'. तिथे 'कीप माय फाइल्स' वाचून लोक निर्धास्त होतात. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप हे राहतं, खरं आहे. पण टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. आणि 'ॲपडेटा' नावाचा जो लपलेला फोल्डर असतो त्यातलंही जातं. क्रोम-फायरफॉक्सची प्रोफाइल, म्हणजे सिंक नसलेले बुकमार्क आणि पासवर्ड, तिथे असतात. स्टिकी नोट्स तिथे असतात. आउटलुक वापरत असाल तर मेलची फाइल कुठे आहे ते अकाउंट सेटिंग्जमध्ये बघून तिची प्रत घ्या. काढलेल्या प्रोग्रॅमची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं, पण यादी म्हणजे प्रोग्रॅम नव्हे.

टॅली वापरणाऱ्यांनी डेटा फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि टॅलीतून लायसन्स 'सरेंडर' करा, मगच रिसेट. लायसन्स त्या कॉम्प्युटरशी बांधलेलं असतं. सरेंडर न करता पुसलंत तर पुन्हा चालू करताना धावपळ होते. डिजिटल सहीच्या टोकनमधलं सर्टिफिकेट टोकनमध्येच राहतं, फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी हे सगळं करू नये एवढंच.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग फॉन्टचा. श्री-लिपी, कृतीदेव, आकृती हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यांत टाइप केलेलं पान आतून इंग्रजी अक्षरांचंच असतं, फॉन्ट असेल तरच ते मराठी दिसतं. रिसेटमध्ये फॉन्ट जातात, आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे ठराव, छापखान्याच्या पत्रिका उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. एका शाळेत अशा प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप करायला बसलेल्या बाई मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना हवा होता तो एक फॉन्ट शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होता. रिसेटच्या आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तुमचे फॉन्ट कॉपी करून ठेवा, सॉफ्टवेअरची सीडी, डाँगल, लायसन्स हाताशी ठेवा.

टायपिंगचंही तसंच. गूगलचं विंडोजसाठीचं ऑफलाइन इनपुट टूल गूगलने देणं कधीच थांबवलं आहे. रिसेटमध्ये ते गेलं की लोक कुठल्याही साइटवरून उतरवतात, आणि त्यासोबत काय येईल याचा भरवसा नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन तो निवडा.

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, किल्ली आधी शोधा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला कल्पनाही नसते. लॅपटॉप चालूच होईना म्हणून रिकव्हरीतून रिसेट करायला गेलात की तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण ते खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असेल तर आत्ताच, मशीन चालू असताना, स्वतःचं करून घ्या. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिसही त्याच खात्याला बांधलेलं असतं.

प्रत्यक्ष रिसेटच्या वेळी चार्जर लावा, आणि तुमच्याकडे आठवड्यातून एक दिवस मेंटेनन्ससाठी वीज जात असेल तर तो दिवस टाळा. बॅकअपची बाहेरची डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. 'क्लाउड डाउनलोड' निवडलंत तर साधारण ४ जीबी उतरतं, दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईल हॉटस्पॉटवर ते अर्ध्यात थांबेल. विंडोज अपडेट आधी पूर्ण करा. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज १० वर आणि विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांवर रिसेटच फसायला लागला होता, मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत त्यासाठी वेगळं अपडेट काढावं लागलं. टक्के एका आकड्यावर तासभर थांबले तरी बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर ते तसंच चालतं.

आणि नुसत्या विंडोजच्याच कुरबुरी असतील तर विंडोज ११ मध्ये त्याच रिकव्हरीच्या पानावर 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' हा पर्याय बघा. तो प्रोग्रॅम आणि फाइल्स तशाच ठेवून विंडोज पुन्हा बसवतो. रिसेटच्या आधी हाच करून बघावा असं माझं ठाम मत आहे.

दुकानात फॉरमॅट करून घेत असाल तर मशीन परत घेताना सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा. लॅपटॉपसोबत आलेल्या खऱ्या विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की आपोआप चालू होते. तिथे "संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेतून" अशा अर्थाचं काही लिहिलेलं दिसलं आणि लॅपटॉप घरचा असेल, तर तुमची खरी विंडोज काढून क्रॅक केलेली टाकली आहे. परत करा आणि मूळ आवृत्ती मागा.

विकताना आणि घेताना

लॅपटॉप विकताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. नुसतं पुसलेलं, विशेषतः एन्क्रिप्ट नसलेल्या हार्ड डिस्कवरचं, साध्या सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळवता येतं. डी ड्राइव्हही पुसायचा का, हे तिथेच विचारतात, तेही बघा. मॅकवर मॉन्टेरी किंवा त्यापुढची आवृत्ती आणि टी२ चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असेल तर फोनसारखंच 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' मिळतं. नव्या अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर डेटा एन्क्रिप्टेडच असतो, रिसेटमध्ये किल्ली जाते आणि डेटा वाचण्याजोगा राहत नाही. अँड्रॉइड ६ च्या आधीचा जुना फोन असेल तर मात्र तो विकण्यापेक्षा घरात ठेवलेला बरा.

फोन फक्त दुरुस्तीला द्यायचा असेल तर पुसण्याची गरजच नाही. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन वापरता येतो, तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत.

जुना फोन विकत घेताना विकणाऱ्यासमोरच रिसेट करायला लावा आणि पहिल्या सेटअपमधून होम स्क्रीनपर्यंत जाऊन बघा. मध्येच कुणाचंतरी खातं मागितलं तर तिथल्या तिथे त्यांच्याकडून काढून घ्या, "घरी गेल्यावर पासवर्ड पाठवतो" यावर पैसे देऊ नका. *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या आणि केवायएम लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन कितीही वेळा रिसेट केला तरी त्याचा आयएमईआय तोच राहतो, आणि तो फोन आपल्या नेटवर्कवर चालत नाही.